वस्तादांना उचलताना

खाटेवरून खुर्चीत बसवताना हिंदुराव वस्ताद शेवंताबाईंच्या हातून निसटले आणि नवराबायको दोघंही फरशीवर खाली बसली.

लागलं कुणालाच नव्हतं, पण शेवंताबाईंना रडू आवरेना. वस्तादांच्या पोटातल्या कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकल्यापासून त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं त्या एकट्याच करत होत्या. कंबर पार धरली होती. "आता न्हाई झेपत हो मला," त्या पहिल्यांदाच बोलल्या.

वस्ताद तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे, त्या आवाजात म्हणाले, "कुठं चुकतंय सांगू? तू कमरेनं उचलतीयास. गुडघं मोड. छाती माझ्या छातीला भिडीव. माझ्या पाठीमागं हात बांध. आता श्वास सोड आनि मांड्यांच्या जोरावर ऊठ."

डोळे पुसून शेवंताबाईंनी तसंच केलं. गावोगावची मैदानं मारलेला तो देह त्यांच्या मिठीत अलगद वर आला. दोघंही उभी राहिली. शेवंताबाईंचा विश्वासच बसेना. आपल्या अंगात एवढं बळ होतं?

वस्ताद तर त्यांच्याकडे बघतच राहिले. उभ्या जन्मात बायकोला त्यांनी तालमीची पायरी चढू दिली नव्हती.

"बसवू खुर्चीत?" शेवंताबाईंनी विचारलं.

"थांब जरा," त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकत वस्ताद म्हणाले. "असंच धरून ठेव. लई दिसांनी उभा ऱ्हायलोय."