आतली सीडी

लिनक्स बसवण्याचं काम तिसऱ्यांदा शंभर टक्क्यांवर पोचलं, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं, आणि पडद्यावर पुन्हा तोच पहिला प्रश्न उमटला. भाषा निवडा.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अक्षरांचे ब्रेल ठिपके करणारा त्यांच्या छापखान्याचा प्रोग्रॅम फक्त लिनक्स या संगणक प्रणालीवर चाले, आणि तो ज्या जुन्या कॉम्प्युटरवर होता त्याने सकाळीच मान टाकली होती. म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसता मानलेला कॉम्प्युटर, उभा करून त्यात लिनक्स बसवायचा खटाटोप चालला होता. उद्या अकरा अंध मुलींचा गणिताचा पेपर. पाचपर्यंत तो ठिपक्यांत उतरायला लागला नाही, तर अकरा जणींचं वर्ष गेलं.

व्यवस्थापक फोन हातात धरून दारातच उभे होते. "ताई, चार वाजून गेले. परीक्षा मंडळाला नाही म्हणून कळवतो. तुम्ही काही कमी केलं नाहीत."

"थांबा हो जरा," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण व्यवस्थापकांनी फोन खाली घेतला.

खिडकीपाशी मुद्रितं तपासणारे काका बसले होते. ते जन्मापासून बोटांनीच वाचत. पडद्यावर येईल ते ताईंनी मोठ्याने वाचायचं, असा त्यांचा सकाळपासूनचा हट्ट होता.

"आता काय म्हणतोय?"

"भाषा निवडा."

"हे तर त्याने जेवणाआधी विचारलं होतं."

"जेवणानंतरही विचारलं. विसरभोळा आहे मेला. पुसून पुन्हा बसवते."

"पुसू नकोस. शंभर झाल्यावर काही बिघडलं असं म्हणाला का?"

"नाही. काम पूर्ण झालं म्हणाला."

"मग झालं असेल. खोटं बोलून त्याला काय मिळणार?" काका खुर्चीतून पुढे झुकले. "जुन्यावर बसवायचीस तेव्हा शेवटी सीडी बाहेर यायची. दर वेळी तो ट्रे माझ्या कोपराला लागायचा. आज लागला नाही."

"काका, यात सीडी कुठली? नुसती फाइल..." ताई बोलता बोलता थांबल्या.

"कॉम्प्युटर मानलेला, तर सीडीही मानलेलीच की. काढलीस का?"

व्यवस्थापकांना हसू आलं. "काका, दिसत नाही ती सीडी काढायची कशी?"

"दिसत नाही ते मी रोज उचलून ठेवतो, साहेब."

ताईंनी चष्मा चढवला. मशीन बंद करून त्याच्या सेटिंगमध्ये गेल्या. सीडीच्या बारीकशा चित्रापुढे, लिनक्स ज्या फाइलमधून बसवत होत्या तिचं नाव सकाळपासून तसंच बसलेलं होतं. म्हणजे दर वेळी लिनक्स नीट बसत होतं, मशीन दर वेळी सीडीवरूनच सुरू होत होतं, आणि बसलेलं लिनक्स त्या स्वतःच्या हाताने पुसत होत्या. त्यांनी नाव काढून टाकलं, मनातल्या मनात देवाचं घेतलं, आणि बटण दाबलं.

काळा पडदा. पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या.

"काय विचारतोय?" काकांनी विचारलं.

"माझं नाव विचारतोय, काका."

"मग सांग की."

प्रोग्रॅमची प्रत पेनड्राइव्हवरून आत गेली, आणि पाचला दहा मिनिटं असताना ठिपके पाडणारं यंत्र खडखडू लागलं. एरवी त्या खडखडाटाने कपाळाला आठ्या घालणारे व्यवस्थापक आज त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभे राहिले.

ताईंनी पहिला कागद काकांच्या हातात दिला. बोटं ओळींवरून झरझर गेली, मग एका जागी थांबली, मागे आली, परत थांबली.

"चूक आहे का?" ताईंनी विचारलं.

"चूक नाही. अवघड आहे. रडणार उद्या पोरी," काका म्हणाले, आणि खुशीत पुढच्या कागदासाठी हात पुढे केला.