उत्तरासाठी वीस सेकंद

"वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद. त्यातला एक जरी कापलास, तर ही मी चालले घरी," कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि खरोखरच पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या.

दिवाकर झाशीच्या सरकारी टीव्ही केंद्राचा अधिकारी. केंद्र कसलं, दोन खोल्या, एक कॅमेरा आणि तो चालवणारा जनार्दन. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा रोज सकाळी अर्धा तास चौथीचं गणित दाखवायचं ठरलं, आणि दिवाकरने खंडेराव गेटला राहणाऱ्या कुसुमावतीबाईंना बोलावलं. तीस वर्षं त्या प्रेम नगरच्या शाळेत शिकवत होत्या. त्यातून त्याच्या आईची मैत्रीण, त्यामुळे त्याचं अधिकारीपण त्यांच्यापुढे काही चालत नसे.

बाईंना एक खोड होती. प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. समोर कॅमेरा, मागे कोरी भिंत, आणि बाई भुवया उंचावून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवतायत. बाक कुठले तिथे! दिवाकरने पहिल्या दोन पाठांतल्या असल्या सगळ्या जागा कापून टाकल्या. टीव्हीवर कुणी गप्प बसतं का? शिवाय वरच्या साहेबांचं म्हणणं असं, की पडदा दहा सेकंद मुका राहिला की तो बिघाड धरायचा. एक बिघाड झाला की पाठ बंद, त्या वेळेला गाणी लावा, असं त्यांनी स्वच्छ बजावलं होतं.

बाईंनी ते दोन्ही पाठ घरी पाहिले आणि त्यांचं डोकंच फिरलं. प्रश्न मीच विचारला, उत्तरही मीच दिलं, मग मुलं काय शेंगा सोलत होती का, असं त्यांनी फोनवरच झापलं. त्यांच्या वर्गात अडतीस मुलं. शाळेचा अभ्यास मोबाईलवर यायचा, आणि मुलाच्या हाती लागेल असा मोबाईल नऊ घरांत. टीव्ही मात्र, जुनापाना का होईना, सगळ्यांकडे होता. उरलेल्या एकोणतीस पोरांची शाळा म्हणजे हा अर्धा तास. हा गेला की त्यांची चौथी गेली, असं बाई म्हणायच्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दिवाकरने हात जोडले, नोकरीचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. बाई दारातून परत आल्या त्या तोडगा घेऊनच. आजचा पाठ थेट दाखवायचा, म्हणजे कापाकापीचा प्रश्नच नको.

"आणि तू इथे उभा राहू नकोस," त्या म्हणाल्या. "प्रेम नगरला जा. माझ्या शाळेमागच्या गल्लीत उभा राहा. कुणी उत्तर दिलं नाही, तर उद्यापासून खुशाल गाणी लाव. मी अवाक्षर काढणार नाही."

जनार्दनला कॅमेरा जागचा हलवू नको म्हणून सांगून दिवाकर स्कूटरवर बसला. रस्ते ओस पडलेले. गल्लीत पोचला तेव्हा पाठ सुरू झाला होता. उकाड्याने घरांची दारं उघडी होती आणि प्रत्येक दारातून बाईंचा एकच आवाज येत होता. टीव्हीवर त्या अर्थात हिंदीत शिकवायच्या. तो मास्क सारखा करत एका भिंतीच्या सावलीत उभा राहिला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बाईंनी स्टुडिओत दोरी बांधली होती. तिच्यावर सहा रुमाल एका ओळीत वाळत घालायचे. शेजारच्या दोन रुमालांची टोकं एकाच चिमट्यात. ओळीच्या दोन्ही टोकांनाही एकेक चिमटा. तर चिमटे किती लागतील?

आणि बाई गप्प झाल्या.

गल्लीही गप्प झाली. दिवाकरने घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद, सात. आणि मग या दारातून, त्या दारातून, वरच्या गच्चीवरच्या खोलीतून एकदम आरोळी उठली, "छह!" समोरच्या घरात दोन भाऊ उत्तर द्यायला चक्क उभे राहिले होते, हाताची घडी घालून. मास्कच्या आड आपणही सहाच म्हणालो, हे दिवाकरच्या नंतर लक्षात आलं.

"छह नहीं," टीव्हीतून बाई म्हणाल्या. तीस वर्षांत या प्रश्नाला पहिलं उत्तर दुसरं कधी आलंच नव्हतं. "फिर से सोचो. जल्दी नहीं है."

पुन्हा शांतता. ही पहिलीपेक्षा लांबत चालली. ते दोघे भाऊ उभ्याउभ्याच भांडू लागले. एक दोन वेण्यांची मुलगी दार ओलांडून बाहेर आली. भिंतीलगतच्या दोरीवर तिच्या घरचे कपडे वाळत होते. टाचा उंच करून ती एकेका चिमट्याला बोट लावू लागली.

दिवाकरचा फोन वाजला. वरचे साहेब होते. पडदा मुका पडलाय, दहाच्या वर सेकंद झाले, बिघाड दिसतोय, ताबडतोब गाणं लावायला सांगा, असं ते एका दमात म्हणाले.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत दिवाकरने या माणसाला 'जी सर'शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. मुलीचं बोट चौथ्या चिमट्यावर होतं.

"नहीं सर, खराबी नहीं है," तो हळूच म्हणाला, तिचं मोजणं चुकू नये म्हणून. "बच्चे सोच रहे हैं."