जॅकवरची आवळणी

पिंपरीत नव्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. कामावरच्या बाया पोरांना पाजताना पकडायला मुकादम उद्धवराव जुनी जीप घेऊन दबकत यायचा. एकदा मंजुळा सापडली, तर त्याने तिच्या तान्ह्याची झोळीच तोडून फेकली.

मंजुळाचा नवरा त्याच जीपचा मिस्त्री. स्प्रिंगचे बोल्ट चाकं जमिनीला टेकवूनच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटून गाडी कुरकुरते, हे तो नेहमी सांगायचा.

"अवो, या खेपेला चाकं अधांतरी ठेवून जॅकवरच आवळा," जीप दुरुस्तीला आली तेव्हा ती दातओठ खात म्हणाली. "करकचून!"

आता उद्धवराव मालकांना मिशीवर ताव देत सांगतो, "आपला वचकच तसा हाय, मालक! कधीबी जावा, एक बाई बसलेली दिसायची न्हाई."


जीप लांबच्या वळणावर किंचाळली, की सगळ्याजणी पोटभर पाजलेली पोरं झोळीत निजवतात आणि पाट्या उचलतात.