आर्मडिलो मरत नाही

धर्मराज पाठीवर प्लास्टिकची चटई बांधून स्टेजवर ओणवे होते. समोरून सोसायटीचे चेअरमन गुरुदत्त, उल्हासनगरच्या बाजारातली ठिपक्याठिपक्यांची चादर पांघरून, त्यांना खायला येत होते.

शिरगावातल्या त्या सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेनंतर दरवर्षी नाटक होतं. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नालीमॅडमनी अन्नसाखळी बसवली होती. मुंग्यांना पाठीवर कवच असलेला आर्मडिलो खातो, आर्मडिलोला जग्वार खातो, टाळ्या. जग्वार व्हायला अकरा जण तयार, मान चेअरमनना. आर्मडिलो व्हायला कुणीच पुढे येईना. धर्मराजांनी हो म्हटलं ते नातीपायी. पाच वर्षांची तेजस्वी मुंग्यांच्या रांगेत शेवटची होती.

तालमीत मात्र भलतंच झालं. खाल्लेल्या मुंग्या पडद्यामागे बसायच्या. जग्वारची डरकाळी आली, की तिथून तेजस्वी भोकाड पसरायची. चार तालमी, चारही वेळा.

धर्मराजांना आतून गुदगुल्या झाल्या. बायकोला त्यांनी ऐकवलंच, "बघ, माझ्यासाठी रडणारं कुणीतरी आहे घरात. चाळीस वर्षांत तुझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही."

"अहो, पण तुम्ही एकदा तरी मेलात का?" बकुळाबाई म्हणाल्या.

पण भरल्या मांडवात पोरीला पाचव्यांदा रडवायचं? छे. आज मरायचं नाही, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. दचकलेला आर्मडिलो जागच्या जागी तीन फूट उडतो, हे मॅडमनीच सांगितलेलं. नाटकात ते घेतलं नव्हतं. धर्मराजांच्या गुडघ्यांकडे बघून.

गुरुदत्तांनी डरकाळी फोडली. पडद्यामागे तेजस्वीने सूर लावला. पंजा उगारला गेला आणि धर्मराज उडाले. तीन फूट कुठले, वीतभर. पण ओरडले असे, की जग्वार स्वतःच्याच चादरीत पाय अडकून उताणा पडला.

"आजोबा, मरा ना!" विंगेतून मॅडम कळवळल्या. "तुम्ही मेल्याशिवाय साखळी पुरी होत नाही!"

"आज नाही मरणार!" धर्मराज गरजले.

मांडवात शिट्ट्या पडल्या. बकुळाबाईंनी तर पदर खोचून टाळ्या पिटल्या.

पडद्यामागचं रडणं काही थांबेना. धर्मराज चटईसकट आत धावले. कॉलरला लावलेला माईक चालूच होता. नातीला उचलून घेत ते म्हणाले, "रडू नको गं बाय! बघ, तुझ्या आजोबाला कुणीसुद्धा खाल्लं नाही!"

तिने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"पण तू मला खाल्लंस ना! रोज खातोस! जग्वारकाका आधी आले असते तर मी वाचले असते!"