टीव्हीत दिसणारा लेक

घोडेगावचा कपिल कबड्डीच्या मोठ्या संघात पकडी शिकवायला लागल्यापासून त्याची आई बायडाबाई एकही सामना चुकवत नसे. पण कॅमेरा सारखा चढाईवाल्यांच्याच मागं. लेक काही दिसायचा नाही. यंदा मात्र दर सामन्यात दिसू लागला. दिसला रे दिसला, की बाई हरखून आळीतल्या बायांना हाका मारायची.

हंगाम संपायच्या आतच संघानं त्याला काढलं. बॅग घेऊन तो दारात उभा राहिला.

“अरं, यंदा तर किती येळा दावलं तुला!”

“आई, आपल्या पोरांची पकड सुटली, की मगच माझ्याकडं कॅमेरा फिरवत्यात.”

पुढच्या वर्षी त्याला दुसरा संघ मिळाला. बायडाबाई पुन्हा टीव्हीसमोर बसू लागली. सामना संपेस्तोवर लेक दिसला नाही, की मगच तिला घास गोड लागायचा.