रिकाम्या डब्यांची स्पर्धा

हुजुम गावच्या चौकातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाने शाळकरी मुलांसाठी स्पर्धा ठेवली. कचरा कमी व्हावा म्हणून क्रीमच्या रिकाम्या डब्या गोळा करून आणायच्या. ज्याच्या सर्वांत जास्त, तो 'पृथ्वीचा लाडका'. नऊ वर्षांची विब्के पिशवी घेऊन धावतच आजीकडे आली.

"ओमा, मला जिंकायचंच आहे! तुझ्या सगळ्या रिकाम्या डब्या दे."

ओमाने न्हाणीघरातून काचेची एक डबी आणून दाखवली. "एवढीच आहे बघ. तुझ्या आईच्या जन्माआधीची. क्रीम संपलं की औषधवाला हिच्यातच पुन्हा भरून देतो."

"मग कधी टाकून का दिली नाहीस?"

"अजून फुटली नाही ना, बाळा."

"शी, ओमा! तू तर पृथ्वीसाठी काहीच करत नाहीस!"

ओमा हसली आणि शनिवारी नातीबरोबर चौकात गेली. विब्केच्या वर्गातली रोन्या आई आणि मावशीच्या त्रेसष्ट डब्या हातगाडीत घालून आली होती. तिचं नाव पुकारलं गेलं, फोटो निघाले. विब्केने रिकाम्या पिशवीत तोंड खुपसलं.

"रडायचं नाही," ओमा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात दुकानाच्या मालकीणबाईंनी बक्षीस म्हणून रोन्याच्या हातगाडीत नव्या क्रीमच्या चाळीस डब्या ठेवल्या.



विब्के डोळे पुसत म्हणाली, "ओमा, पुढच्या वर्षीपण हीच जिंकणार."