दार वाजवणारा

दार वाजलं आणि आम्ही राक्षस दचकलो. वीर कधी दार वाजवत नाहीत. कुऱ्हाडीने फोडूनच आत येतात. मग आमच्यातल्या उरलेल्यांनी ते सांधून पुन्हा बसवायचं, ही गुहेची रीत. "वाजवतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे," ग्रुडाआजी पुटपुटली. मी गदा उचलून फटीतून पाहिलं. खालच्या गावातला म्हातारा माणूस पाठीवर भलंथोरलं ओझं घेऊन उभा होता. "काय आणलंयस रे?" मी दरडावलं. "दार. माझ्या घराचं." "थापा मारतोय मेला! मागे वीर लपलेत," आजी फिसकारली. त्याने ओझं उतरवलं. मागे कोणीच नव्हतं. फळ्यांवर आमच्या दारावरचाच घाव होता, वीरांच्या त्याच टवका उडालेल्या कुऱ्हाडीचा. "काल तुमच्याकडून परतताना वीर मेजवानी मागायला आले. मी कडी काढली नाही. सांधायला दुसऱ्या कोणाकडे जाऊ?" आजीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "बिजागऱ्या आणल्यास का?"